दगडावरचा नंबर

२८ जुलै
पायाच्या प्लास्टरचा बारावा दिवस. उंब्रजच्या अलीकडं गाडी घसरली, आत्याचं गाव जवळ म्हणून इथं आणून टाकलं. शिराळ्याची नागपंचमी बघून गोव्याला जायचं होतं. दोन्ही बोंबललं. खिडकीतून एक शेवगा दिसतो, त्यावर कावळा. तोसुद्धा उडून जातो.

३० जुलै
आत्याचे सासरे, नाना. एकाहत्तरच्या लढाईतले. आता डोळे अधू. आंघोळ करताना रोज दोन नंबर मोठ्यानं म्हणतात. लष्करातले. एक स्वतःचा, शेवट ६१८. दुसऱ्याचा शेवट ०५५. म्हटलं, नाना, मंत्र हाय काय? "मंत्रच म्हणा, पावनं."

शाळेच्या बाई येऊन गेल्या. १५ ऑगस्टला बोला म्हणाल्या, 'युद्धानं देशाला काय शिकवलं', पाच मिनिटं.
नाना: "आवं बाई, लढाईच तेरा दिवस चालली. पाच मिनिटांत कुटं बसवू?"

१ ऑगस्ट
गावातल्या शहिदांच्या नावांचा दगड पंचायत बसवणार. यादी चांगल्या अक्षरात लिहून द्यायचं काम माझ्यावर. आष्ट्यात बोर्ड रंगवायचो, तेवढ्या भांडवलावर. सरपंच म्हणाले, नंबर, हुद्दा, नाव. वडलांचं नाव नको, जागा न्हाई. नाना तोंडानं सांगत गेले, मी लिहीत गेलो. मधेच दोस्ताचा, संज्याचा, हुबळीहून व्हिडिओ कॉल, ट्रकच्या टपावर बसून. लय हसलो. दुपारी यादी देऊन टाकली.

४ ऑगस्ट
दोन नंबरांचं आज कळलं.
गावात दोन दिनकर शिंदे, दोघंही एकाच वेळी लढाईवर. एक आमचे नाना. तार आली ती इंग्लिशमध्ये. पोस्टमननं नाव वाचलं, नंबर सोडला, आणि नानांच्या घरी दिली. नानांच्या बायकोनं बांगड्या फोडल्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्या दिनकरची बायको, आक्का, रोज भाकरी घेऊन यायची. हिला कवटाळून रडायची. चार दिवस. पाचव्या दिवशी टोपलं घेऊन आली, तर शाळेचे मास्तर तार हातात धरून ओट्यावर बसलेले. त्यांनी नंबर वाचला होता, शेवट ०५५.
नाना एवढंच म्हणाले, "टोपलं सरळ खाली ठेवलं म्हनं तिनं. एक भाकरी सांडली न्हाई."
म्हटलं, शाळेत हेच सांगणार?
"मग? नंबर नीट वाचावा. मी येवडंच शिकलो."

६ ऑगस्ट
टीव्हीवर लढाईची चर्चा. चौघं एकदम ओरडतायत, उडवून टाका, घुसून मारा.
नाना: "ह्यातलं कोन जानार हाय का?"
आत्या: "न्हाई, ही रोज इथंच असत्यात."
पाय आतून खाजतो. आत्याची विणायची सुई घालून खाजवला.

९ ऑगस्ट
दगड बसला. गावाच्या ग्रुपवर फोटो. मोठा करून बघितला. सातवी ओळ, दिनकर शिंदे. नंबराचा शेवट ६१८.
यादीची झेरॉक्स ठेवली होती, ती बघितली. अक्षर माझंच. संज्याचा फोन आला तीच ओळ.
नाना शहीद. आक्काचा नवरा कुठंच नाही.

११ ऑगस्ट
आत्याला सांगितलं. भाकरी थापणारा हात थांबला. "नानांस्नी बोलू नगंस. बीपी हाय त्येंला."
सरपंचांना फोन केला. "ग्रॅनाईट हाय गड्या, शाळंची पाटी न्हवं, पुसून लिवायला. आन नंबर कोन वाचतंय?"
कॉलेज, रंगाचं दुकान, पुण्याची नोकरी, आजवर सगळीकडनं पळालो. कुणाला कधी पत्ता लागला नाही. इथं संडासला जायलासुद्धा कुबड्या मागाव्या लागतात.

१३ ऑगस्ट
नाना म्हणाले, "पंधरा तारखेला दगडावरचं कापड काडलं की आक्काच्या मालकाचा नंबर तू मोट्यानं वाच. मला दिसत न्हाई, तिला वाचता येत न्हाई. पर पाठ हाय तिला."
म्हणजे ६१८ वाचला तर आक्काला कळणार. ०५५ वाचला तर कुणालाच नाही. सोपं आहे. खोटं वाचायचं.
दिवसभर तोंडात तेच घोळवतोय. जेवण गेलं नाही. आत्या म्हणाली, मिरची जास्त झाली का?

१५ ऑगस्ट, सकाळ
सांगितलं.
नाना दाढी करत होते. आधी हसले. "दुसऱ्यांदा मारलंस व्हय रं मला!" मग हात थांबला.
"आन त्येचा नंबर? त्यो कुटल्या वळीत हाय?"
कुठंच नाही म्हटलं.
त्यांनी वस्तरा खाली ठेवला. आत्या माझ्याकडं बघेना.
मग म्हणाले, काठी दे. कुठं विचारलं.
"आक्काकडं. झेंड्याच्या आदी. तू लिवलंस, तूच सांगायचं."
म्हटलं, माझ्याच्यानं नाही व्हायचं. नानांनी काठी घेतली. चपला पायानं चाचपून घातल्या. एका गालावर साबण तसाच.
मी इथं वही उघडून बसलोय. नाना फाटकापर्यंत गेले, एक हात भिंतीला. आक्काचं घर गल्लीच्या टोकाला, दार उघडं दिसतंय. नाना मला हाक मारत नाहीत, पुढंही जात नाहीत. नुसते उभे आहेत, पाठ माझ्याकडं करून.