अंगणात सांडलेले छर्रे

२६ एप्रिल
दुकानात मिळाले असते तरी बंदुकीचे छर्रे मी घरीच केले असते — झालं समाधान विचारणाऱ्यांचं? नवरा होता तोवर तो करायचा, आता मी. जुन्या केबलचं शिसं न्हाणीघरातल्या चुलीवर वितळवायचं, पट्ट्या ओतायच्या, बारीक तुकडे तोडायचे, आणि दोन बिडाच्या तव्यांमध्ये घोळवत बसायचं. गोल होईस्तोवर. मग अंगणात चाळायचे, उजेडात. डोकं लागत नाही, खांदे लागतात. नदीचा बर्फ फुटला की बदकं येतील. माझ्या मुलाची, सावेलीची, काडतुसं भरायचीत.

नर्स क्लावदिया कुंपणावरून ओरडली, "मावशी, शिसं म्हणजे विष हो! पोटुशी सून आहे घरात."
मला शिकवते! रिम्माला न्हाणीघराच्या दारातसुद्धा फिरकू देत नाही मी. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं तिचं. आता परत पाचवाच चालू आहे.

२७ एप्रिल
रिम्माचं तोंड उतरलंय. रोज सकाळी घरच्या कोंबड्यांची दोन अंडी देते तिला. "खा. तोंड वाकडं नको करूस."
"खाते, आई. जरा वेळानं."
ताटली रिकामी येते. बरं.

२९ एप्रिल
पांढरी कोंबडी मान टाकून बसलीय. दाणा शिवत नाही. सावेली म्हणतो, "म्हातारी झाली ती. तुझ्यासारखी खमकी थोडीच आहे!"
गाढव. आत्ता कुठे अंगणातला बर्फ वितळला म्हणून बाहेर सोडल्या, आणि लगेच म्हातारी?

३० एप्रिल
रिम्माच्या कंबरेत कळ आली. दुपारभर पडून होती. विचारून काय होणार! दोनदा उगाच दारात जाऊन आले.

२ मे
पांढरी मेली. तांबडी पंख ओढत चालते. कोल्हा नाही, थंडी नाही. मग काय?

पांढरीला फाडलं. पोटात खड्यांनी दाणे दळायची पिशवी असते, ती चिरली. खड्यांबरोबर छर्रे! झिजून चकाकणारे. माझेच — एका बाजूला चपटे. चाळताना उडाले, हिनं खडे समजून टिपले. आणि अंडी तर रोज देत होत्या!
शिसं कोंबडीत. कोंबडीतून अंड्यात. अंड्यातून —
चौथी शिकले मी. एवढं कळतं.

३ मे
सकाळी अंडी दिली नाहीत. रिम्मा बघत राहिली. "आज नाहीत?"
"नाहीत."
सावेली आला, "आई, काडतुसं कधी भरायची?"
"चालता हो!"
तिला कसं सांगू? चुलीपाशी उभीच राहिले. दूध उतू गेलं.

४ मे
सांगितलं. सगळं, एका दमात.
रिम्मा आधी पांढरी पडली, मग तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरून हसायलाच लागली. "आई, एकही खाल्लं नाही हो मी. वासानंच ढवळतं. सगळी आपल्या कुत्र्याला घातली. तुमच्या भीतीनं बोलले नाही."
रक्त तपासायला मात्र उद्या नेणारच. कुत्र्यालाही.
माझी भीती वाटते म्हणे! यावर मी एक अक्षर लिहिणार नाही.