आप्पांचा रॅम्प

३ फेब्रुवारी, उंब्रज
अमोलचं लग्न वीस तारखेला, मलकापूरच्या आप्पांच्या कार्यालयात. आज कळलं. सख्ख्या भावाचं लग्न, आणि हॉल नेमका तोच. याच आप्पांच्या मागं आम्ही दिवाळीपासून लागलोय, रॅम्प करा म्हणून. आम्ही म्हणजे मी, माझी चाकाची खुर्ची आणि सुभेदार काका. (पुढं नुसतं सु.का. लिहीन.) फौजेतून निवृत्त. डावा पाय नकली, तोंड मात्र अस्सल.

आईला म्हटलं, दुसरं कार्यालय नव्हतं का?
"आगं, मुलीकडच्यांनी ठरीवलंय. आन् तुझं काय, पोरं हायत की. उचलून न्हेतील."

उचलून नेतील. 

४ फेब्रुवारी
विश्रामबागेतल्या त्या कापडदुकानाच्या पायऱ्या काही केल्या डोळ्यासमोरून जात नाहीत. चौघांनी खुर्ची उचललेली. वरच्या पायरीशी आल्यावर एकाला वाटलं, झालं, पोचलो. त्यानं हात सोडला. मी खाली पडल्या पडल्या सगळे म्हणत होते, काही नाही झालं, काही नाही झालं. खांदा मोडला होता. तेव्हापासून मागून कुणी न विचारता खुर्चीला हात लावला की अंगाला घाम सुटतो. आई समजते मी तापट झालेय. समजू दे.

अमोल म्हणतो करवली मीच. करा-दिवा मांडीवर घेऊन त्याच्या मागं. लहानपणीच ठरलेलं. जायचं आहेच मला. पण कशी?

७ फेब्रुवारी
सु.का. आणि मी आप्पांकडं. उतार किती लांब हवा ते कागदावर काढून नेलं होतं. चहा आला, बिस्किटं आली. आप्पा गोड माणूस, हीच अडचण.
"आवं सुभेदार, आता तर घरचंच लगीन हाय. करूया की रॅम्प. आन् पयल्यांदा चढायचा मान ताईंचा."
कागद बघून मात्र म्हणाले, "एवढा लांब केला तर वरातीची गाडी कुटं लावायची?" आणि हसले. आम्हीही हसलो.
बाहेर आल्यावर सु.का. म्हणाले, "जिंकलो गड्या." मला धड आनंद होईना.

१३ फेब्रुवारी
रॅम्प झाला. अमोलनं फोटो आणला, खूश होता. काळा ग्रॅनाइट, पॉलिश मारलेला, दोन्हीकडं स्टीलचे कठडे. तोंड दिसेल इतका चकचकीत. आणि उभा. गाडीची जागा वाचवायला निम्म्यात आटपलाय.
मी म्हटलं, छान आहे. हात मांडीखाली दाबून धरले होते. 
सु.का.ना फोन केला. त्यांनी आधी लांबी विचारली. मग म्हणाले, "ही तर घसरगुंडी हाय."

१५ फेब्रुवारी
उद्घाटन. लिहायलाही नको वाटतंय.
फीत, हळदकुंकू, फोटोवाला. मग आप्पांनी रॅम्पवरच नारळ फोडला. पाणी ग्रॅनाइटवरून माझ्या चाकापर्यंत ओघळत आलं. मागून दोघांनी खुर्चीला हात घातले. "चला ताई." मी दोन्ही ब्रेक दाबले आणि नाही म्हणाले. आवाज कसला, नुसता चिरका.
आप्पांचा चेहरा पडला. "इतकं दीस रॅम्प रॅम्प. आता केला तर भ्या वाटतंय व्हय?"
हो, मी म्हणाले. वाटतंय.
कुणीतरी हसलं. सु.का. मापं सांगत राहिले, ऐकतंय कोण. अमोल सासऱ्यांशेजारी उभा होता, मान खाली घालून.

१६ फेब्रुवारी
घरात अबोला. जेवताना अमोल म्हणाला, "आक्का, तुला नक्की पायजे तरी काय? पायऱ्या नकोत, रॅम्प बी नको. आप्पा सासऱ्यांना म्हणालेत, नवरदेवाची भन लय अवघड हाय."
 त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. माझ्यापायी याचं लग्न बिघडलं तर, एवढंच डोक्यात फिरतंय. 

१८ फेब्रुवारी
सकाळी सांगून टाकलं. मी येत नाही, करा-दिवा चुलत बहिणीला दे. अमोल उठून बाहेर गेला. बाहेर आवाज आला म्हणून खिडकीतून बघते तर अमोल आणि त्याचा मित्र पक्या माझी खुर्ची टेंपोत चढवतायत. विचारायचं नाही, सांगायचं नाही. दिवसभर मी कॉटवर, खुर्चीविना. त्याला शिव्या घालत होते आणि मनातून हादरले होते. इतका राग आलाय का याला माझा?

दिवेलागणीला अमोल आला. कोपर सोललेलं.
"बसलो हुतो तुज्या खुर्चीत. पक्यानं रॅम्पवर ढकाललं."
मी कोपराकडं बघितलं.
"चढताना मागं उलटतोय असं वाटत हुतं. उतरताना पक्याचा पाय सरकला. कठड्यावर आपाटलो."
पाणी प्यायला. तांब्या दातांवर वाजला.
"आक्का, लय भ्या वाटलं गं."

या घरात आज माझ्याशिवाय आणखी कुणीतरी घाबरलंय. बरं वाटलं. असं वाटू नये, पण वाटलं.

१९ फेब्रुवारी
हळद झाली. दुपारीच अमोलनं सासऱ्यांना फोन लावला होता. मी आतून ऐकलं. "अक्षता खालच्या पटांगणात पडूद्यात. वर हॉलात जेवणं करा. माजी भन मागं नसंल तर मी बी मांडवात न्हाई."  पलीकडून काय आलं कळलं नाही. आप्पांना विचारून कळवतो म्हणाले म्हणे.

अजून कळवलेलं नाही. नवरीनं काही ऐकलं असेल का? तिला काय वाटत असेल? उद्या सकाळी मांडवात माणसं आणि नवरदेव घरात, असं झालं तर गाव कुणाला बोल लावेल ते सांगायला नको. आत्ता उठून म्हणावं वाटतंय, अमोल, जाऊ दे, मी राहते घरी. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आईनं हातानंच गप्प केलं. माझी हिरवी साडी इस्त्री करून उशाशी ठेवलीय तिनं.

फोन वाजतोय. सासऱ्यांचाच. अमोलच्या हाताला अजून हळद आहे, फोन मांडीवर आहे. तो माझ्याकडं बघतोय आणि उचलत नाहीये.