लिफ्टमधल्या वचनाबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता साहेब,
वीजपुरवठा कार्यालय, व्हेर्बिव्का.

विषय : आमच्या जिन्याला पाण्याच्या पंपाच्या लाइनवर घेणेबाबत.
संदर्भ : आपले निरीक्षक श्री. नाझार हुल्को यांनी लिफ्टमध्ये दिलेलं तोंडी वचन.

महोदय,

आधीच शपथ घेते. देवाशप्पथ, माझ्या उरलेल्या चार दातांशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

१. रशियन ड्रोन वीजकेंद्रावर पडतात, त्याला तुम्ही काय करणार, हे मला कळतं. पण आमच्याच इमारतीचा पहिला जिना पंपाच्या लाइनवर, ती लाइन तुम्ही तोडत नाही, म्हणून त्या जिन्याच्या घरांत दिवसभर लाइट. आमच्या दुसऱ्या जिन्याला तुमच्या वेळापत्रकात छापलीय तेवढीसुद्धा नाही. मधे एक भिंत. पलीकडे शेजारीण ल्युबा इस्त्री फिरवते, तिचा वास इकडे येतो. आमच्याकडे एवढा गारठा, की परवा मांजर ऊब घ्यायला फ्रीजमध्ये जाऊन बसलं.

२. माझे मालक ओमेल्यान ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. बॅटरी उतरली की मी ल्युबाच्या बाल्कनीतून वायर ओढून घेते. वारा सुटला की वायर निसटते. ती परत जोडेपर्यंत यांचे ओठ निळे पडतात. वर मलाच म्हणतात, "म्हातारे, बस की जरा." कशी बसू?

३. माझ्या मागच्या अर्जावरून निरीक्षक पाहणीला आले. आम्ही आठव्या मजल्यावर. ते म्हणाले, "आजी, जिन्याने जाऊ." मी म्हटलं, "लाइट आलीय लेकरा, गुडघे कशाला झिजवतोस?" पाचव्या-सहाव्याच्या मधे लाइट गेली. हल्ली सगळ्या इमारतींत असतो तसा आमच्याही लिफ्टमध्ये अडकलेल्यांसाठी डबा ठेवलेला असतो: पाणी, बिस्किटं, बीपीच्या गोळ्या. शेजारी स्टूल आणि बादली. बादली बघून साहेब लाजले. "आजी, तिकडे तोंड करा." म्हटलं, "अरे, अंधारात तिकडे काय अन् इकडे काय!" बिस्किटं सगळी त्यांनीच संपवली. मग मी त्यांना ओमेल्यानच्या ओठांचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, "आजी, बाहेर पडलो की पहिलं काम तुमचं."

लाइट आली, साहेब गेले. त्यानंतर काही कळलं नाही.

४. सबब, दुसऱ्या जिन्याला पंपाच्या लाइनवर घ्यावं. सगळा जिना जमत नसेल तर आमचं एकच घर. घर जमत नसेल तर नुसतं मशीनचं बटण. दिवा नको, चहा थंड पिऊ. मी फार दमलेय, साहेब.

आपली नम्र, आणि अजून जागी,
यावदोखा स्तेत्सेंको
दुसरा जिना, आठवा मजला
दि. १९ जानेवारी

ता. क. शपथ घेतलीय म्हणून सांगते. मांजराचं खरं आहे. वचनाचं नाही. तुमचे साहेब म्हणाले होते, "आजी, माझ्या हातात असतं तर माझ्या आईच्या घरी अंधार असता का?" वचन मी त्यांच्या तोंडी घातलं. तेवढं मात्र आपण पाळावं.