लाल दिव्याची राखण

दापोडे, ता. भिवंडी
२० नोव्हेंबर १९९४

चिरंजीव अनंता,

तुला एक आजी हाय, आठवतं का? तोंडात दोन दात, लिहिता-वाचता शून्य. नसेल आठवत तर आधी बापाचं नाव आठव आणि तिथून वर चढ. सापडले असेन तर आशीर्वाद घे.

सुरतेचं पाणी मानवतंय ना? इकडे भात झोडून झाला. तुझे लूम बंद हायत, त्यामुळे मला परत ऐकू यायला लागलंय, आणि गावातलं नको ते सगळं ऐकावं लागतंय. तुळशीचं लग्न लागलं, आता माणसांची सुरू. तुझा निरोप ट्रकवाल्या विठूने पोचवला: गोदू गेली, तिच्या जागी तिची धाकटी बहीण मैना द्या, घरातली भाकरी घरात राहील. सोबत घारीचा डबा, ती सुरतेची तुपातली मिठाई. घारी मऊ होती. माझ्या दोन दातांना तेवढीच जमते.

पण आधी डब्याचं बोलू. घारीच्या न्हाय, भिंतीवरच्या.

तू वायरमनचं शिकून आलास आणि मीटरशेजारी तो पांढरा डबा ठोकलास. म्हणालास, "आजे, वीज गळून कुणाच्या अंगात शिरायला लागली की हा लाइन तोडतो. पण जागा हाय का ते मधूनमधून बघावं लागतं. तुझा अंगठा सातबाऱ्यावर झिजला, आता महिन्यातून एकदा ह्या बटणावर झिजव." मी अमावस्या धरली. दाबलं की टक वाजायचं, घर काळोखात, लूम ठप्प, कारागीर शिव्या घालायचे. मला मजा यायची.

मग पावसाळ्यात ओलीने डबा आपला आपणच पडायला लागला. लूम थांबायचे, कापडाला पट्टे पडायचे, तुझं डोकं फिरायचं. एक दिवस तू डबा उघडून बसलास. नंतर त्याच्याखाली लाल दिवा लागला. "आजे, ही नवी तऱ्हा. आता घर काळोखात जात न्हाय. दाब, लाल दिवा गेला की समज डबा जागा हाय." मी दाबलं. गेला. म्हटलं, नातू शहाणा.

श्रावणात गोदूच्या हाताला पाण्याच्या मोटारीपाशी झिणझिण्या यायला लागल्या. नवऱ्याला सांगितलं, तर तू म्हणालास चप्पल घाल. मग ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, अमावस्या नसली म्हणून काय झालं, ये. तिच्यासमोर अंगठा दाबला. दिवा गेला. ती हसली आणि हंडा उचलून मोटारीकडे गेली.

दहाव्याला सगळ्यांत मोठ्याने तू रडलास. "ओल्या हाताने शिवली, अक्कल न्हवती," असं पिंडासमोर म्हणालास. कावळा शिवेना. बायका म्हणाल्या, नवऱ्यात जीव अडकलाय.

वीज तपासणारा सरकारी साहेब गेल्या आठवड्यात उगवला. सरकारचा श्रावण कार्तिकात येतो. मी ऐटीत म्हटलं, डबा जागा हाय, बघा. दाबलं. दिवा गेला. साहेब दिव्याकडे बघेचना, वर बघत राहिला. पंखा फिरत होता. मी कशाला पंख्याकडे बघू? तू मला दिवा बघायला सांगितलेला.

त्याने डबा उघडून, डब्याला वळसा घालून बाहेरच्या बाहेर घरात फिरवलेली वायर दाखवली. हळू आवाजात म्हणाला, "आजी, हा डबा फक्त ह्या लाल दिव्याची राखण करत होता."

मग पोलिसांनी विचारलं, वायर कुणी फिरवली. मी नाव सांगितलं. खाली अंगठा दिला. ह्या खेपेला खरोखर लाइन तुटली.

हे सगळं लिहून देतेय मैना. तुला बायको म्हणून हवी हाय ना, तीच. वायरीपाशी तिचा हात थांबेल असं वाटलेलं. थांबला न्हाय. फक्त विचारलं, "आजी, वीज लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी?" मला विचारलं, बघ.

तिला मानकोलीच्या चिंधूला दिली. त्याच्याकडे विहीर हाय, मोटार न्हाय. गुरुवारी साखरपुडा. तुला बोलावलं असतं, पण तू मोकळा नसशील.

पत्र घेऊन विठू आलाय. त्याच्यासोबत दाराशी उभे हायत ते पोलीस, त्यांना पाणी विचार. निघण्याआधी चौकातून घारी घे आणि विठूच्या हाती दे, साखरपुड्याला वाटायची हाय. ह्या वेळीही मऊ बघून घे.

तोच अंगठा,
बायजाबाई