आमची दुहेरी रेघ

२ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
संकल्प: तुळशीच्या लग्नाआधी अपूर्वा-शुभंकरचं पक्कं करणे. अपूर्वा मुलाची मुलगी, शुभंकर मुलीचा मुलगा. म्हणजे त्याला हक्काची मामाची मुलगी! माझ्या वडिलांनी हेच केलं. मीही. सुशीला माझ्या मामाचीच. हल्ली लोक वेबसाइटवर सून शोधतात, फ्रिज घेतल्यासारखी.

५ ऑक्टोबर
अपूर्वा म्हणाली, आजोबा, आधी जेनेटिक काउन्सेलरला विचारू, ती हो म्हणाली तर बघू. म्हणजे ऐंशी टक्के होकार. शुभंकर हिंजवडीहून फोनवर नुसता हसत सुटला. लाजला असावा.
मंगलाष्टकं लिहायला घेतली. शार्दूलविक्रीडित नववीत गुरुजींनी घोटून घेतलेलं. काय ते दिवस! आताच्या पोरांना वृत्त म्हणजे टीव्हीवरचं.

८ ऑक्टोबर, दुपारी
मुलगा अक्कल शिकवायला आला. नात्यात लग्न केलं की एकच दोष दोन्हीकडून येऊ शकतो म्हणे. म्हटलं, मग गुण नाही का येत दोन्हीकडून? निरुत्तर. (त्याला ऑफिसचा कॉल आला होता.) आमचंच बघ म्हटलं: चोपन्न वर्षांचा संसार, दोन मुलं, ठणठणीत. सुशीला मेथी निवडत होती. मूक संमती.
मंगलाष्टक: दोन ओळी. तिसरी अडली.

११ ऑक्टोबर, संध्याकाळी
काउन्सेलरबाई. वय तीस. एकही कविता पाठ नाही, विचारलं. वंशावळ काढू लागली. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, नवरा-बायकोत एक रेघ. आमच्या आईवडिलांना मात्र दोन रेघा. आम्हालाही दोन! म्हटलं, मान म्हणून का? म्हणाली, नाही आजोबा, नात्यातलं लग्न असलं की दोन. तेच म्हणतोय मी.
मुलं किती? म्हटलं, दोन.
सुशीला म्हणाली, अहो, चार.
मग थांबेचना. दोघी मुली. दोघींनी मान धरलीच नाही. एक अकरा महिन्यांची गेली, एक दीड वर्षाची. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, नात्यातलं लग्न हे कारण असू शकतं. (मला नव्हते म्हणाले. आईने दृष्ट काढली होती, तेवढं पुरे होतं.) बाईने दोन वर्तुळं काढली आणि त्यांवर तिरक्या रेघा मारल्या.
नकार मात्र दिला नाही! टेस्ट करा, धोका किती ते कळेल म्हणाली. साठ टक्के धरायला हरकत नाही. परतताना रिक्षात अपूर्वा आजीचा हात धरून बसली होती. माझ्याशी कोणी बोललं नाही. ट्रॅफिक होता.

१४ ऑक्टोबर
फॅमिली ग्रुपवर अपूर्वाचा मेसेज. आजोबा, नाही. टेस्टही नको. राखी बांधते मी त्याला. खाली शुभंकरचा अंगठा. भित्री पिढी.

१५ ऑक्टोबर, सकाळी ७
संकल्प: सगळ्यांना मोठ्या मनाने माफ करणे.
सुशीलाने चहा आणला. म्हणाली, पहिलीचं नाव काय ठेवलं होतं आपण, आठवतं?
म्हटलं, अर्थात.
म्हणाली, सांगा.
समोर बसूनच राहिली. मी पेपर उघडला. कालचा होता.