नेरळच्या बाजारात सुटलेला हात

प्रिय ताई,

आज बाजारात तुझी ओवी माझ्या हातून सुटली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. सगळं क्रमानं सांगणार आहे, मध्येच ओरडू नकोस.

तू नऊ वर्षं बोलावत होतीस. "एकदा आमच्या नेरळच्या बाजारात ये, तुझं नाशिक विसरशील." मी तुझ्या लग्नाला पोशीरला आले, जेवले आणि परत गेले. तू असताना एकदाही सवड झाली नाही मला. आता ओवीच्या शाळेला सुट्टी लागली, तिला दाजींना भेटवायला आणलं, तर ती म्हणे बाजारात जायचं. दाजींची पहिली पाळी होती, खालापूरच्या कंपनीत. म्हणून आम्ही दोघीच निघालो.

मी कशी गेले असेन, सांग बरं? डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात पाण्याची बाटली. तू असतीस तर बाजारभर हसली असतीस.

पण तुझा बाजार खरंच भारी आहे गं. एक टेंपो मागे येतोय, त्याच्यामागे हातगाडी अडलीय, हातगाडीवाला आणि टेंपोवाला एकमेकांचं कूळ काढताहेत, आणि दोघांच्या मधून एक म्हातारी टोपलीत कोंबडा घेऊन शांतपणे पलीकडे जातेय. मी फोटो काढत सुटले. सुकटीच्या ढिगामागे दोन मांजरं मालकिणीसारखी बसली होती. त्या फोटोसाठी मी ओवीचा हात सोडला. दहा सेकंद, फार तर पंधरा.

वळले तर ओवी नाही.

आधी वाटलं, मागे असेल. मग बादल्यांच्या दुकानात पाहिलं, वडापावच्या गाडीमागे पाहिलं. हाका मारल्या, पण जो तो ओरडतच होता, त्यात माझी हाक कोण ऐकणार? तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला. रूळ तिथून किती जवळ आहेत, तुला माहीतच आहे. तुला काय तोंड दाखवू, हा एकच विचार डोक्यात होता.

सुकटवालीला विचारलं, "पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, सात वर्षांची. पाहिलीत का हो?"

"अशा धा पोरी गेल्या हितनं," ती वजन करता करता म्हणाली. "कुनाची पोर ती?"

"माझ्या बहिणीची."

"आनि बहीन कोन?"

ताई, तू गेलीस त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ओवी नाशिकला आमच्याकडेच आहे. पोरीसमोर तुझं नाव काढायचं नाही, असं आईनं ठरवलं आणि आम्ही सगळ्यांनी पाळलं. तुझा फोटो कपाटावर गेला. ओवीनंही विचारणं बंद केलं, आणि मी गावभर सांगत सुटले की पोर किती शहाणी आहे. एवढ्या दिवसांत तुझं नाव माझ्या जिभेवर आलंच नव्हतं.

"मीना," मी म्हणाले. "पोशीरची मीना."

बाई तराजू टाकून उठली. "मीनाची पोर? आवं, मंग आधी नाय का सांगायचं!" तिनं बादलीवाल्याला हाक दिली, त्यानं पुढच्याला. "मीनाची पोर दिसली का रं?" आठ महिन्यांनी तुझं नाव ऐकलं, ते असं, अनोळखी माणसांच्या तोंडून, अख्ख्या बाजारात. मी पिशवी कवटाळून नुसती उभी होते.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं, "चाचीकडं हाय!"

धावत गेले. बांगड्यांच्या दुकानात ओवी स्टुलावर बसली होती. मनगटात हिरव्या बांगड्या, चेहरा खुशीत. माझा हात उगारला गेला, खोटं कशाला सांगू? बांगडीवाल्या चाचीनं तो मधेच धरला.

"मारू नको गं. तिच्या आईनंच शिकवलंय तिला. बाजारात हात सुटला, तर चाचीकडं जाऊन बसायचं. मीना यायची मंग हिला न्यायला."

मी ओवीला म्हटलं, "चल आता." ती उठेना.

"चाची आईचं सांगतेय," ती हळूच म्हणाली. "मावशी, तू जा ना. अजून थोडे फोटो काढ."

हात मी सोडला, की तिनं सोडवून घेतला? आता मला खात्री नाही. मी तिथंच, दुकानाच्या पायरीवर बसले. चाचीनं सांगितलं, तू एका बांगडीसाठी तासभर घासाघीस करायचीस आणि मग तिच्याच डब्यातली भाकरी खायचीस. ओवी खदखदून हसली. आठ महिन्यांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

शहाणपणा आम्ही केला आणि उपास पोरीला घडला. चुकलो गं.

आता दाजींकडून तुझा एक मोठा फोटो मागून घेतलाय, नाशिकला समोरच्या भिंतीवर लावणार आहे. आईला मी बघते. तुझं नाव घरात रोज निघेल, कौतुकानं निघेल, भांडतानाही निघेल. आणि दर सुट्टीत ओवीला चाचीकडे आणीन, हा माझा शब्द.

ओवी आत्ता इथं ओट्यावर मला टेकून बसलीय, बांगड्या वाजवत. विचारतेय, "मावशी, कुणाला लिहितेस?"

कालपर्यंत मी काहीतरी थाप मारली असती. आज सांगितलं, मीनाला. तुझ्या आईला.

तुझीच,
सुमा