शून्य कुणी हलवायचं

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाळेचा संडास आज भर रस्त्यात गेला! म्हणजे कॉम्प्युटरवर. साहेबांनी माझ्या भिंतींच्या फाइलवर नवऱ्याची पाइपांची फाइल ठेवली आणि सगळे पाइप कंपाउंडच्या बाहेर. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर. फक्त माझं शून्य प्लॉटच्या कोपऱ्यावर आणि त्याचं लिफ्टच्या कोपऱ्यावर. दोघांनी दोन ठिकाणांहून मोजायला घेतलं, मग दुसरं काय होणार!

साहेब म्हणाले, "एका घरात राहता ना तुम्ही? एक शून्य ठरवता येत नाही?"

राहतो कुठे! शनिवारी जेवताना याच शून्यावरून जुंपली. मी म्हणाले, "तुझं शून्य तुझ्यापाशीच ठेव." तो म्हणाला, "ठेवतो." बॅग भरली आणि गेला त्याच्या ताईकडे. मला वाटलं, नाटक करतोय. तासाभरात येईल. मी त्याचं ताटसुद्धा उचललं नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ऑफिसात आमची टेबलं पाठीला पाठ लावून. बोलणं साहेबांमार्फत.

"तिला सांगा, लिफ्ट हलत नाही."

"त्याला सांगा, जमीनही हलत नाही."

साहेबांनी डोकं धरलं. सोमवारी ठेकेदार पाइपांसाठी चर खणणार, त्याआधी नकाशे जुळायला हवेत. आणि आम्ही दोघं पहिलीतल्या पोरांसारखे!

बुधवार, ५ फेब्रुवारी

ज्या मालिकेला तो नावं ठेवतो, ती आज निवांत पाहिली. अजिबात मजा आली नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताईंचा फोन आला. "अगं, सोफ्यावर झोपून पाठ धरलीय त्याची. बोलाव की त्याला घरी."

मी म्हणाले, "मी कशाला बोलावू? गेलाय आपल्या पायांनी, येईल आपल्या पायांनी."

वा! काय बाणेदार उत्तर! फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. मला तो घरी हवाय, बास. 'घरी ये' एवढंच तर म्हणायचंय, पण तोंड उघडेल तर शपथ. आणि त्याने खरंच तिकडेच राहायचं ठरवलं तर? 

मग दीडशहाणीला युक्ती सुचली. बोलायचं नाही, फाइल हलवायची. परत ऑफिसात गेले. सगळे निघून गेले होते. अख्खा नकाशा उचलून लिफ्टचा कोपरा शून्यावर बसवला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नमतं घेतल्यासारखं दिसलं असतं ना!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

साहेबांनी पुन्हा फाइली एकावर एक ठेवल्या. संडास आता मागच्या शेजाऱ्यांच्या अंगणात! अख्खं ऑफिस खो खो हसत सुटलं.

मी बघितलं – त्याच्या फाइलचं शून्य आज प्लॉटच्या कोपऱ्यावर! माझ्या जागी! म्हणजे त्यानेही हलवलं. माझ्यासाठी!! माझा तो हट्टी, आडमुठा नवरा! मी वेड्यासारखी एकटीच हसत बसले. त्याने एकदा मागे वळून माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

साहेब ओरडले, "आता दोघांपैकी कुणीही माउसला हात लावायचा नाही. मी जुळवतो."

घरी येताना रस्ताभर मनातल्या मनात त्याला माफ करत आले. किती मोठं मन माझं! आपल्यालाच आपलं कौतुक. ताईंना फोन करावा असं वाटलं, पण म्हटलं, नको, तो विरघळलाच आहे, येईल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी बेल वाजली. दारात बॅग घेऊन उभा. मी ऐटीत म्हणाले, "हलवलंस ना शेवटी शून्य?"

"मी? छे! ते साहेबांनी गुरुवारीच हलवलं, मला न विचारता. मी मेलो तरी हलवलं नसतं."

माझं तोंड एवढंसं झालं. "मग आलास कशाला?"

"तुझं हललेलं दिसलं. म्हणून."